मुंबई बंदराच्या कांठची पंगत

कोणत्याहि बंदराचा इतिहास लिहावयास बसलेला ग्रंथकार सामान्यतः गोद्यांपासून आरंभ करतो. कोणत्या वर्षीं कोणती गोदी बांधली, तिच्यांतील पाणी किती खोल, एका वेळीं तींत किती जहाजें राहत, तिला कोणत्या राजपुरुषाचें नांव दिलें, हें सर्व तो तपशिलानें सांगतो. परंतु त्या गोदींतील ओझें ज्यांनीं पाठीवर वाहिलें तीं माणसें दुपारीं कोठें जेवलीं, संध्याकाळीं कोठें टेकलीं, आणि खिशांत दमडी नसतांना त्यांच्यापुढें चहाचा पेला कोणीं ठेवला, याविषयीं बहुधा एक ओळहि सांपडत नाहीं. वास्तविक हा दुसरा इतिहास अधिक बोलका आहे. धक्का सरकार बांधतें; खानावळ मात्र माणसांच्या गरजेंतून उभी राहते.

मुंबईच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. दक्षिणेस सासून गोदीपासून निघून पालवा बंदर, कोट, बॅलार्ड पियर, मांडवी, मशीद बंदर, डोंगरी आणि माझगांव असें उत्तरेकडे भाऊच्या धक्क्यापर्यंत व त्याहि पुढें दारूखान्यापर्यंत गेलें, म्हणजे शहराच्या पूर्व कांठाची एक चिंचोळी पट्टी पायाखालून जाते. पश्चिमेच्या समुद्रावर मुंबईकर वारा खावयास गेला; पूर्वेच्या समुद्रावर तो पोट भरावयास गेला. या पट्टींतील खानावळी, इराण्यांचीं दुकानें, दारूचे गुत्ते आणि जुन्यापुराण्या वस्तूंचे बाजार हीं सारीं एकाच गरजेंतून जन्मास आलीं. ती गरज होती परमुलखांतून आलेल्या, येथें घर नसलेल्या आणि पुढच्या कामाची वाट पाहत बसलेल्या माणसाची. जहाज केव्हां लागेल, माल केव्हां उतरेल, मजुरी केव्हां हातीं पडेल, यांपैकीं कांहींच त्याच्या स्वाधीन नव्हतें. अशा माणसाला वेळेवर अन्न आणि वेळप्रसंगीं उधार या दोन गोष्टी ज्यानें दिल्या तोच बंदराचा खरा दुकानदार ठरला.

या पट्टीकडे काळाच्या क्रमानें पाहूं गेलें असतां आरंभ मांडवीपासून करावा लागतो. मांडवी म्हणजे जकातीचें नाकें. गांवाचें नांवच मुळीं व्यापारावरून पडलेलें. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रज राजाकडे आली आणि १६६८ सालीं राजानें ती वार्षिक दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केली. पण त्याच्या कितीतरी आधींपासून या कांठावर कोळ्यांच्या होड्या लागत होत्या आणि जाळीं वाळत होतीं. मांडवीचा कोळीवाडा अद्यापि त्याच नांवानें ओळखला जातो. बंदराचें पहिलें दुकान म्हणजे कोळणीची पाटी, असें म्हटल्यास ती अतिशयोक्ति होणार नाहीं. त्या दुकानाला भिंत नव्हती आणि पाटीहि नव्हती. जी पाटी होती ती डोक्यावर होती.

१७३५ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हा कुशल पारशी कारागीर सुरतेहून मुंबईस आला आणि येथें जहाजें बांधण्याचा उद्योग भरभराटीस लागला. जहाजामागून सुतार, लोहार, दोरखंडवाले, शिडें शिवणारे असा सारा गोतावळा आला. कोटाच्या आंत गोऱ्या खलाशांसाठीं दारूचे गुत्ते निघाले. तेथें जें मिश्रण पाजलें जाई त्याला इंग्रज लोक ‘पंच’ म्हणत. अरक, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला या पांच जिनसांचें तें पेय असल्यामुळें आपल्याच ‘पांच’ या शब्दावरून तें नांव पडलें, असें पुष्कळ कोशकार मानतात. पुढें युरोपांतील मेजवान्यांत मिरविलेलें हें पेय अशा रीतीनें हिंदुस्थानच्या बंदरांतून तिकडे गेलें. माडावर चढून ताडी उतरविण्याचा धंदा मुंबईंत भंडारी समाजाच्या हातीं होता. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर झाडांवरील कराचा बोजा वाढला, लहान भट्ट्या बंद पडल्या आणि हा पिढीजात धंदा मक्तेदारांकडे गेला. बंदरांतील पेल्याचा हिशोब सरकारी कचेरींत होऊं लागला तो येथून.

मशीद बंदर या नांवाविषयीं बहुतेकांची समजूत चुकीची असते. तें नांव ज्या प्रार्थनामंदिरावरून पडलें असें सांगतात तें मुसलमानांचें नव्हे. तें बेने इस्रायल लोकांचें आहे. कंपनीच्या लष्करांत अधिकारी असलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनीं तें १७९६ सालीं बांधलें. टिपू सुलतानाच्या कैदेंतून सुटका झाल्याबद्दल त्यांनीं हा नवस फेडला, अशी परंपरा आहे. कुलाबा जिल्ह्यांतील गांवोगांवीं तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारीं काम न करणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले जाणारे आणि घरांत मराठी बोलणारे हे लोक. त्यांच्या प्रार्थनामंदिराला सर्वसामान्य मुंबईकरानें ‘मशीद’ म्हटलें, तेंच नांव पुढें रेल्वेच्या स्थानकाला मिळालें. बंदरावरील माणसें एकमेकांना कधीं नीट, कधीं अर्धवट ओळखून शेजारीं कशीं राहत होतीं, याचें हें एक उदाहरण आहे.

१८०३ च्या फेब्रुवारींत कोटांतील बाजाराला भयंकर आग लागली. तिच्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ति कोटाबाहेर, मांडवी-डोंगरीच्या बाजूस, झपाट्यानें सरकली. १८५३ त बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास कोटाचा तट पाडण्यांत आला. १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला आणि विलायतेचा प्रवास आठवड्यांवर आला. १८७३ त पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ त सासून गोदी, १८८० त प्रिन्सेस गोदी, १८८८ त व्हिक्टोरिया गोदी अशा एकामागून एक गोद्या सिद्ध झाल्या. अवघ्या पंधरावीस वर्षांत शहराच्या पूर्व कांठावर हजारों अनोळखी माणसें उतरूं लागलीं. त्यांना निजावयास जागा आणि खावयास अन्न हवें होतें.

ही सोय करतांना गोरा आणि काळा हा भेद कटाक्षानें पाळला गेला. १८७१ त उघडलेल्या वॉटसन हॉटेलांत युरोपियनांनाच प्रवेश होता. गोऱ्या खलाशानें गुत्त्यांत पैसे उधळूं नयेत म्हणून पालवा बंदराजवळ ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ ही भव्य वास्तु बांधण्यांत आली. १८७० सालीं पाया घातलेली ही इमारत १८७६ त पूर्ण झाली. तिचा शिल्पकार स्टीव्हन्स यानेंच पुढें बोरीबंदरचें प्रसिद्ध स्थानक उभारलें. १९२८ सालीं ती इमारत सरकारनें घेतली, तेथें कायदेमंडळ भरूं लागलें आणि त्यानंतर ती महाराष्ट्राच्या पोलिस खात्याचें मुख्य ठाणें झाली. खलाशाच्या बिछान्यावर कायदा आणि कायद्यावर पोलिस, असा त्या एका छपराखालचा क्रम आहे.

त्याच जहाजांवर राबणाऱ्या हिंदी खलाशासाठीं मात्र असा राजवाडा कोणीं बांधला नाहीं. विलायती कंपन्यांच्या आगबोटींवर डेकचें काम करणारे पुष्कळ लोक रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान असत, तर स्वयंपाकी व वाढपी बहुधा गोमंतकीय ख्रिस्ती असत. आपली व्यवस्था त्यांनीं आपणच लाविली. गोमंतकांतील गांवोगांवच्या लोकांनीं धोबी तलाव, कावेल व माझगांव या भागांत आपापल्या ‘कुडी’ काढल्या. कूड म्हणजे एका गांवच्या पुरुषांची सामाईक खोली. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, एका बाजूस वेदी, संध्याकाळीं सर्वांनीं मिळून करावयाची प्रार्थना आणि नाममात्र वर्गणी. जहाज मिळेपर्यंत तेथें राहावें, जहाज मिळालें कीं ट्रंक तेथेंच ठेवून जावें, परत आल्यावर ती जागच्या जागीं सांपडावी. अशा शेंकडों कुडी मुंबईंत नांदल्या. विलायतेच्या आगबोटींवरील मेजवानीचें ताट ज्या हातांनीं सजविलें, ते हात सुटींत या खोल्यांतून पेज व सुकी मासळी खाऊन राहत.

ज्यांना कूड नव्हती त्यांची गांठ घाटसारंगाशीं पडे. हा दलाल खलाशाला राहावयास जागा देई, जेवूं घाली, वर हातउसने पैसेहि देई, आणि जहाजावर नोकरी लागल्यानंतर व्याजासह सारें वसूल करी. गोदींतील हमालांच्या बाबतींत हीच सत्ता टोळीवाल्याच्या हातीं होती. सकाळीं दारावर उभ्या असलेल्या गर्दींतून कोणाला आंत घ्यावयाचें हें तोच ठरवी. उधारी ही बंदरावर दयाहि होती आणि दावेंहि होतें. याच भूमींतून पुढें गोदी-कामगारांची चळवळ उभी राहिली. १९४८ चा गोदी-कामगार कायदा व त्यानंतर मुंबईंत स्थापन झालेलें गोदी-कामगार मंडळ यांनीं रोजच्या रोज दारावर उभें राहण्याची नामुष्की कमी केली. कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचें नांव जुन्या फ्रियर रोडला दिलेलें आहे. ज्या गव्हर्नरानें तट पाडून शहर वाढविलें त्याच्या नांवाच्या जागीं गोदींतल्या माणसांच्या कैवाऱ्याचें नांव आलें, ही गोष्ट यथायोग्यच म्हटली पाहिजे.

मध्यंतरीं या पट्टीवर एक मोठें संकट येऊन गेलें. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं मुंबईंतील ग्रंथिक संनिपाताचा पहिला रोगी ओळखला तो मांडवींतच. तेथें धान्याच्या वखारी होत्या, वखारींत उंदीर होते, आणि वखारींच्या माथ्यावर कोंदट खोल्यांतून माणसें राहत होतीं. कांहीं महिन्यांत शहरांतील लक्षावधि लोक गांवीं पळाले. ज्या बाजारानें शहराला जेवूं घातलें त्याच बाजारांतून मृत्यु बाहेर पडला. त्यानंतर १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढण्यांत आले.

या नव्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर ज्यांनीं ठाण मांडलें ते इराणी. यज्द व केरमान या प्रांतांतून दारिद्र्याला आणि छळाला कंटाळून आलेले हे झरथुष्ट्री लोक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईस पोंचले. पुढें त्यांच्यांत इराणी मुसलमानहि मिळाले. कोपऱ्यावरची जागा हिंदु व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्याला स्वस्त मिळाली, असें सांगतात. तें कसेंहि असो, दोन रस्त्यांकडे तोंड असलेल्या दुकानाचा फायदा त्यानें पुरेपूर ओळखला. संगमरवरी माथ्याचें मेज, वांकविलेल्या लांकडाची काळी खुर्ची, काचेच्या बरण्यांतून खारी व बिस्किटें, कडक ब्रून पाव आणि त्याच्यावर मस्का. एका बाजूस साबण, आगपेट्या व किरकोळ जिनसांची विक्री. दुकान पहांटे उघडे, त्यामुळें पहिल्या पाळीचा मजूर आणि रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी एकाच वेळीं तेथें भेटत. कुलाब्याचें ‘लिओपोल्ड’ १८७१ चें. तें प्रथम तेलाच्या घाऊक विक्रीचें दुकान होतें. धोबी तलावावरील ‘कयानी’ १९०४ चें. १९१४ त अलेक्झांड्रा गोदी उघडली. तिच्या खोदाईंतून निघालेल्या मातीची भर घालून बॅलार्ड इस्टेटची जमीन तयार झाली, आणि तेथें १९२३ सालीं ‘ब्रिटानिया’ हें उपाहारगृह निघालें. गोदीच्या मातीवर उभें राहून गोदीच्या कारकुनांना जेवूं घालणारें असें हें दुकान आहे.

इराण्याच्या दुकानाचें खरें महत्त्व मात्र चहांत नाहीं. त्या काळीं शहरांत ‘ब्राह्मणांचें उपाहारगृह’ अशा पाट्या उघड उघड लागत असत. कोणीं कोणाच्या शेजारीं बसावें, कोणाच्या हातचें पाणी प्यावें, याचे नियम गांवाकडून शहरांत आले होते. इराणी परका, त्याला या नियमांशीं कर्तव्य नव्हतें. ज्याच्या हातांत पैसा त्याला खुर्ची, एवढाच त्याचा शास्त्रार्थ. परधर्मी माणसाच्या दुकानीं चहा प्यावयास आरंभीं लोक कचरले, मग चोरून प्याले, आणि अखेरीस उघडपणें पिऊं लागले. अस्पृश्यतानिवारणाची व्याख्यानें जेथें पोंचलीं नाहींत तेथें चहाचा पेला पोंचला. सुधारकांच्या श्रमांचें मोल यानें कमी होत नाहीं. परंतु त्या श्रमांना या मुक्या दुकानानें हातभार लावला, हें नमूद करणें न्यायाचें आहे.

मांडवी व मशीद बंदर येथील धान्यबाजारांत राबणारा माथाडी बहुधा साताऱ्याकडचा किंवा पुणें-नगरकडचा. पोतें पाठीवर घेऊन वखारीच्या फळीवरून चढणें हें त्याचें काम. एका गाळ्यांत पंधरावीस जण आळीपाळीनें निजत आणि महिन्याच्या बोलीनें खानावळींत जेवत. खानावळ चालविणारी बाई पुष्कळदां त्यांच्याच गांवची, एखादी विधवा किंवा नवऱ्याची मिळकत पुरेनाशी झालेली गृहिणी असे. भाकरी, आमटी, एखादी भाजी व वाराला मटण असें तिचें ताट. पण कोणाचें पत्र आलें, कोणाच्या शेतांत पाऊस झाला, कोणाची मजुरी अडली, हें सर्व तिला ठाऊक असे. कोकण्यांच्या खानावळींत बांगडा, मांदेली व सुके बोंबील, सोबत सोलकढी. माथाड्यांना संघटित करण्याचें काम अण्णासाहेब पाटील यांनीं केलें, आणि १९६९ च्या माथाडी कायद्यानें या कामाला प्रथमच प्रतिष्ठा व संरक्षण मिळालें. तोंवर आजारपणांत त्यांचा विमा म्हणजे खानावळवालीची वहीच होती.

दुकानांचाहि असाच विचार करावा लागतो. मुंबईहून जेद्द्याला हाजी यात्रेकरूंच्या आगबोटी सुटत. हा जलप्रवास १९९० नंतरच्या दशकांत बंद पडला. तोंपर्यंत क्रॉफर्ड मार्केटजवळील मुसाफिरखान्याच्या आसपासचीं दुकानें पत्र्याच्या ट्रंका, दोर, वळकट्या, इहरामचें शुभ्र कापड व वाटेचा शिधा विकून चालत. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत. तो धक्का बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचें नांव शहरानें असें घरगुती रूपांत जपलें. जातांना चाकरमान्याच्या हातांत मुंबईचीं बिस्किटें व कापड, येतांना आमसुलें, फणस आणि आंब्यांच्या पेट्या. या वाटेवरची सर्वांत दुःखद आठवण १७ जुलै १९४७ ची. गटारी अमावास्येच्या त्या दिवशीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. स्वातंत्र्याला तेव्हां एक महिनाहि उरला नव्हता.

माझगांवांत चिनी खलाशी व सुतार यांची एक लहान वसाहत होती. तेथें १९१९ सालीं त्यांनीं बांधलेलें देऊळ अद्यापि आहे. परंतु १९६२ च्या युद्धानंतर त्या वसाहतीचे बहुतेक लोक पांगले. उत्तरेकडील दारूखान्याचें नांव ऐकून कोणाचीहि फसगत व्हावी. तेथील दारू म्हणजे बंदुकीची. त्या भागांत पुढें जुनीं जहाजें मोडण्याचा धंदा चालला, आणि मोडलेल्या जहाजांतील कंदील, होकायंत्रें, घंटा व पितळी खिडक्या चोर बाजाराच्या दुकानांत येऊन बसल्या. जहाजाचा जन्म गोदींत झाला, तर त्याचें तेरावें या बाजारांत झालें.

१४ एप्रिल १९४४ रोजीं दुपारीं चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजांत कापसाच्या गांसड्या आणि सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें भरलीं होतीं. आग विझवितांना अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान धारातीर्थीं पडले. एकंदर मृतांचे आंकडे आठशेंपासून तेराशेंपर्यंत दिले जातात. सोन्याच्या विटा मैलमैलभर उडाल्या, ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. मांडवीच्या धान्यवखारी जळाल्या आणि हजारों कुटुंबें उघड्यावर आलीं, ही गोष्ट कमी सांगितली जाते. उडालेलें सोनें पुढें कितीएक वर्षें सांपडत राहिलें. जळालेल्या गल्ल्यांतील वह्या आणि त्यांत लिहिलेला विश्वास कोणालाहि सांपडला नाहीं.

त्यानंतर दोनच वर्षांनीं या कांठानें इतिहासांत एक निराळें काम केलें. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं कुलाब्यांतील ‘तलवार’ या नाविक शाळेंतील हिंदी सैनिकांनीं बंड पुकारलें. त्याचें निमित्त निकृष्ट अन्न हें होतें. मूळ कारण अर्थातच अपमान व दास्य हें होतें. पाहतां पाहतां बंदरांतील जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरलें. सरकारनें नौसैनिकांचा अन्नपाण्याचा पुरवठा तोडला, तेव्हां शहर गेटवे ऑफ इंडियाकडे लोटलें. लोकांनीं फळें, पाव, दूध व शिजविलेलें अन्न धक्क्यावर आणून दिलें; हिंदु, मुसलमान व इराणी दुकानदारांनीं दुकानें उघडून ‘लागेल तें घेऊन जा’ असें सांगितलें; आणि तें अन्न होड्यांतून जहाजांवर पोंचलें. २३ फेब्रुवारीला बंड संपलें. शहरांतील गोळीबारांत दोनशेंहून अधिक नागरिक मारले गेले होते. ज्या दुकानदारांनीं पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी माणसाला उधारीवर जेवूं घातलें त्यांनीं त्या आठवड्यांत त्याला फुकट जेवूं घातलें. या बाजूच्या दुकानांचा सर्वांत मोठा दिवस कोणता, असें कोणीं विचारलें तर हाच दाखवावा लागेल.

दारूच्या दुकानांचा इतिहास इतका सरळ नाहीं. १९३९ च्या ऑगस्टांत मुंबई शहरांत दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला. १९४९ च्या कायद्यानंतर, १९५० च्या एप्रिलपासून, ती संपूर्णपणें अंमलांत आली. मजुराची मजुरी गुत्त्यांत जाऊं नये हा तिचा हेतु प्रामाणिक होता, आणि ज्या घरांतील स्त्रियांनीं ती मागितली त्यांच्या अश्रूंचा तो मान होता. परंतु गुत्ता बंद झाला तरी तहान बंद झाली नाहीं. गल्लीबोळांतून चोरट्या भट्ट्या पेटल्या. कित्येक निराधार स्त्रियांनीं, विशेषतः ख्रिस्ती वस्त्यांत, घराच्या ओसरीवर पेला विकून मुलें वाढविलीं, आणि मुंबईकरानें त्या ठिकाणांना ‘आंटीचा अड्डा’ हें नांव दिलें. कायदा सैल झाल्यावर परवान्याचीं ‘परमिट रूम’ निघालीं. मंद दिवे, उंच लांकडी आडोसे, आणि बशींत उकडलेले चणे. ज्या इराण्यांचा चहावर निभाव लागेना त्यांच्यांतील पुष्कळांनीं त्याच संगमरवरी मेजांवर बिअर ठेवली. उजेडांत बसून वर्तमानपत्र वाचणारें गिऱ्हाईक गेलें आणि अंधारांत बसणारें आलें. हा बदल केवळ पेयाचा नव्हे.

अखेरचा मोठा बदल १९८९ सालीं झाला. त्या वर्षीं खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. माल आतां पोत्यांतून न येतां लोखंडी पेट्यांतून येऊं लागला. पूर्वीं जहाज दिवसच्या दिवस गोदींत पडून राही आणि शेंकडों हातांची वाट पाही. आतां यंत्र ती पेटी कांहीं मिनिटांत उचलतें आणि जहाज लवकरच निघून जातें. धान्य, कांदा-बटाटा व मसाला यांचे घाऊक बाजारहि १९८० नंतरच्या काळांत नवी मुंबईंत हलले. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन ऐतिहासिक गोद्या एकविसाव्या शतकांत बुजविण्यांत आल्या. वाट पाहणारा माणूस नाहींसा झाला, तेव्हां त्याच्यासाठीं उघडी असलेलीं दुकानेंहि एकेक करून मिटलीं.

तथापि सारेंच संपलें असें म्हणणें वस्तुस्थितीला धरून होणार नाहीं. सासून गोदींत पहांटे कोळणींचा लिलाव अजूनहि गाजतो. मशीद बंदरच्या गल्ल्यांत हातगाडी, हमाल व सुक्या मेव्याचीं पोतीं यांतून वाट काढावी लागते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटते. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं समुद्रमार्गें आलेल्या मारेकऱ्यांनीं लिओपोल्डांत गोळ्या झाडून निरपराध माणसें मारलीं. तें दुकान कांहीं दिवसांतच पुन्हां उघडलें, आणि भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा मालकांनीं तशाच ठेवल्या. गिऱ्हाइकाला पाठ न दाखविण्याची बंदराची जुनी रीति त्यांनीं पाळली.

बंदर प्राधिकरणाच्या ताब्यांतील सुमारें १,८०० एकर जमिनीचें पुढें काय करावें, याच्या योजना अलीकडे वारंवार मांडल्या जातात. त्यांत उद्यानें आहेत, फेरफटक्याचे मार्ग आहेत, मोठ्या प्रवासी आगबोटींसाठीं धक्के आहेत. या गोष्टी शहराला हव्याच आहेत; तीनशें वर्षें कुलुपांत राहिलेला समुद्र सामान्य माणसाला दिसावा, यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र जुन्या इमारतीला रंग देऊन, जुनी पाटी टांगून आणि वीसपट दर लावून जुनी खानावळ परत येत नाहीं. खानावळ टिकावयाची तर जवळपास काम टिकलें पाहिजे, आणि काम करणाऱ्याला परवडेल अशी राहण्याची जागा टिकली पाहिजे. कूड, इराण्याचें दुकान आणि खानावळवालीची वही हीं तिन्ही एका प्रश्नाचीं उत्तरें होतीं: परगांवाहून आलेल्या, पैसा नसलेल्या माणसाला हें शहर पहिल्या रात्रीं कोठें घेईल? हा प्रश्न जहाजांबरोबर गेलेला नाहीं. तो आतां आगगाडीनें येतो. पूर्व किनाऱ्याचे नवे नकाशे आंखणाऱ्यांनीं धक्क्यांच्या मापाबरोबर या प्रश्नाचेंहि माप घ्यावें, एवढेंच या जुन्या पंगतीचें मागणें आहे.